स्नायुतर्कू आणि ताण-प्रतिक्षेप

अर्धापूरच्या मळ्यात मजुराच्या खांद्यावर केळीचा घड ठेवताच त्याचे गुडघे किंचित लवतात व लगेच सावरतात. सावरण्याचा पहिला प्रतिसाद विचारापूर्वीच घडतो. मांडीच्या पुढील स्नायूत, मुख्य तंतूंना समांतर असे सूक्ष्म स्नायुतर्कू असतात. स्नायू ताणला की तर्कूही ताणला जातो. त्याच्याभोवती वेटोळे घातलेला जाड संवेदी तंतू ही वार्ता मेरुरज्जूत नेऊन, केवळ एक संधी ओलांडून, त्याच स्नायूच्या प्रेरक पेशीस देतो. लिडेल व शेरिंग्टन यांनी १९२४ साली वर्णिलेला ताण-प्रतिक्षेप तो हाच.

परंतु आकुंचनाने स्नायू आखूड झाला की तर्कू सैल पडून मुका व्हावयास हवा. तसे सहसा होत नाही, कारण बारीक गॅमा तंतू तर्कूची टोके आकुंचित करून त्याचा मधला भाग ताणलेला ठेवतात. हे लेक्सेल यांनी १९४५ साली दाखविले.

ह्या शोधाने एक मोहही निर्माण केला. विदर्भाच्या धानपट्ट्यात पिकणाऱ्या लाखोळीच्या डाळीवरच दीर्घकाळ गुजराण केल्यास कलायखंज जडू शकतो. मेंदूकडून उतरणारे मार्ग बिघडतात, पाय ताठरतात, गुडघ्याचा प्रतिक्षेप अतितीव्र होतो. अशा ताठरपणाचा दोष गॅमा तंतूंवर ठेवणे सोयीचे होते. मात्र मेंदूच्या विकाराने स्नायू ताठरलेल्या रुग्णांच्या मज्जातंतूंत सूक्ष्म विद्युदग्रे घालून घेतलेल्या नोंदींत तर्कूंचे संदेश सामान्यतः वाढलेले आढळले नाहीत. वार्ता नेहमीचीच असते. मेरुरज्जूतील अवरोध ढिला पडल्याने तिला उत्तर मात्र अवास्तव मिळते. शिवाय दीर्घकाळ आखडलेला स्नायू स्वतःही कडक होतो. तो भाग प्रतिक्षेपाच्या खाती मांडता येत नाही.