प्रयोग खऱ्या सर्व्हरवर नको! आधी डोमेनची चाचणी-प्रत बनवा



समजा, तुम्ही आयटी सपोर्टचा व्यवसाय सुरू केलाय आणि ३० कॉम्प्युटरच्या एका ऑफिसची एएमसी मिळालीय. रविवारी तुम्ही सर्व्हरवर एक सेटिंग बदलता. सोमवारी सकाळी कोणाचंच लॉगिन होत नाही. बिलिंग बंद, डिस्पॅच बंद आणि मालकाचा फोन तुम्हाला! कष्टाने मिळवलेली एएमसी अशी एका दिवसात हातची जाते.

कोणाचं लॉगिन, कोणाला काय परवानगी, हे सगळं डोमेन कंट्रोलर नावाचा सर्व्हर सांभाळतो. त्याची हुबेहूब प्रत बनवा आणि प्रयोग तिथे करा. पण आधी भिंत, मग प्रत! ही प्रत चुकून ऑफिसच्या नेटवर्कला जोडली गेली, तर एकाच नावाचे दोन सर्व्हर होतील आणि तुमचे प्रयोग खऱ्या डोमेनमध्ये शिरू शकतील.

चला, कसं करायचं ते बघू.

१. भिंत: विंडोज ११ प्रो असलेल्या वेगळ्या कॉम्प्युटरवर हायपर-व्ही सुरू करा. त्यात व्हर्च्युअल स्विच तीन प्रकारचे असतात: एक्स्टर्नल, इंटर्नल, प्रायव्हेट. आपल्याला प्रायव्हेटच हवा. त्यावरची मशीन्स फक्त एकमेकांशी बोलतात.

२. प्रत: डोमेन कंट्रोलरचा ताजा, पूर्ण बॅकअप व्हर्च्युअल मशीनमध्ये रिस्टोअर करा. नेटवर्क नाही, म्हणून बॅकअप व्हर्च्युअल डिस्कमधून द्या.

३. डागडुजी: प्रतीचा डीएनएस तिच्याकडेच वळवा. ऑफिसात आणखी डोमेन कंट्रोलर असतील, तर प्रतीतून त्यांच्या नोंदी काढा आणि पाचही एफएसएमओ रोल या प्रतीकडे घ्या.

४. खात्री: प्रतीवरून ऑफिसच्या राउटरला पिंग करा. उत्तर आलं, तर भिंतीला भोक आहे! खऱ्या सर्व्हरला पिंग करून तपासू नका. प्रतीचा आयपी तोच असेल, तर ती स्वतःलाच उत्तर देईल आणि तुम्ही उगाच घाबराल.

प्रयोग यशस्वी झाला? मग तेच बदल खऱ्या सर्व्हरवर पुन्हा हाताने करा. प्रत उचलून तिथे कधीही जोडू नका.

अजून एक. या प्रतीत सगळ्या स्टाफच्या पासवर्डचे हॅश असतात. म्हणून मालकाची लेखी परवानगी घ्या, कॉम्प्युटर कुलपात ठेवा आणि काम झालं की प्रत डिलीट करा.

यात एक मोठा फायदा लपलाय. प्रत उभी राहिली, म्हणजे क्लायंटचा बॅकअप खरंच चालतो हे सिद्ध झालं. नाही राहिली, तर संकट येण्याआधीच कळलं! पुढच्या कोटेशनमध्ये ‘बॅकअप चाचणी’ अशी वेगळी ओळ टाका आणि तिचे पैसे मागायला लाजू नका.