तळमजल्यावरचं राजकारण (लेखमाला ‘कारभार परगावचा’ : भाग सहावा)

इंग्लंडच्या एखाद्या छोट्या गावात रस्त्याला खड्डा पडला, की तक्रार जाते काउंटीकडे. कचऱ्याची गाडी आली नाही, तर डिस्ट्रिक्टकडे. शेजाऱ्यानं परवानगीशिवाय मजला चढवायला घेतला, तरी डिस्ट्रिक्टच. हे दोन वरचे मजले आपण गेल्या आठवड्यात पाहिले. मग गावाचं स्वतःचं टाउन कौन्सिल असतं, ते काय करतं? बरीच वर्षं याचं खरं उत्तर ‘फारसं काही नाही’ असंच होतं. दफनभूमीची देखभाल, भाजी लावायला भाड्यानं दिलेले जमिनीचे तुकडे, बाकडी, नाताळची रोषणाई. नव्या बांधकामाचे अर्ज त्याच्यापुढे येतात, पण फक्त मतासाठी. निर्णय वरचे घेतात आणि हे मत बाजूला ठेवण्याची त्यांना पूर्ण मुभा असते.

कायद्याच्या लेखी हे टाउन कौन्सिल म्हणजे पॅरिश कौन्सिलच. १८९४ च्या कायद्यानं चर्चच्या हातातला गावकारभार काढून निवडून आलेल्या माणसांकडे दिला. १९७२ च्या कायद्यानं पॅरिशला एक ठराव करून स्वतःला ‘टाउन’ म्हणवून घेण्याची सोय दिली. मग अध्यक्षाचा मेयर होतो आणि गळ्यात साखळी येते, अधिकार मात्र होते तेवढेच राहतात. इंग्लंडमध्ये अशी पॅरिश आणि टाउन कौन्सिलं सुमारे दहा हजार आहेत. सदस्यांना पगार नाही. कागदपत्रं आणि कायदा सांभाळायला एक पगारी क्लार्क असतो, आपल्या ग्रामसेवकाच्या जवळपासचा. उमेदवारीला अनामत रक्कम लागत नाही, एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो. तरीही कित्येक ठिकाणी जागांइतकेसुद्धा अर्ज येत नाहीत. मग निवडून आलेले सदस्य ओळखीतल्या कुणाला तरी ‘तू ये ना’ म्हणून आत घेतात.

या रिकामपणातच २०११ साली सॉमरसेटमधल्या फ्रूम गावातल्या काही मंडळींना संधी दिसली.

बाथच्या दक्षिणेला असलेलं फ्रूम हे एके काळी लोकरी कापडावर श्रीमंत झालेलं गाव. दगडी घरं, चढणीच्या गल्ल्या, वस्ती पंचवीस हजारांच्या पुढे. टाउन कौन्सिलच्या जागा सतरा. लिबरल डेमोक्रॅट आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या पक्षांची माणसं तिथं वर्षानुवर्षं बसत आणि देशपातळीवरची भांडणं गावच्या बाकड्यांवरून लढत. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह नसतं (पडद्यामागे काय असतं ते आपण जाणतोच). तिकडे अगदी तळापर्यंत पक्षाचा शिक्का चालतो. पीटर मॅकफॅडियन आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘इंडिपेंडंट्स फॉर फ्रूम’ नावाचा गट उभा केला. सतरापैकी दहा जागा त्यांना मिळाल्या. २०१५ मध्ये सतराच्या सतरा, २०१९ मध्ये पुन्हा सगळ्या.

एकेकट्यानं उभं राहणारे अपक्ष इंग्लंडमध्ये नेहमीच होते. फ्रूमकरांनी वेगळं केलं ते एवढंच, की ते एकत्र उभे राहिले. यामागे मतदानपद्धतीचं साधं गणित आहे. प्रभागात तीन जागा असतील तर मतदाराला तीन मतं मिळतात. अपक्ष एकच असेल तर लोक एक मत त्याला देतात आणि उरलेली दोन सवयीनं पक्षाला. तीन नावं एकाच पत्रकावर आली की तिन्ही मतं तिकडे जाऊ शकतात. आणि प्रचार तो केवढा! दाराच्या फटीतून आत सरकवलेलं पत्रक, खिडकीत चिकटवलेलं पोस्टर, संध्याकाळी दार वाजवून पाच मिनिटं बोलणं. कर्णे नाहीत, जेवणावळी नाहीत. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर छातीला रंगीत फीत लावलेले कार्यकर्ते मतदारांचे क्रमांक टिपत बसतात. आपला हक्काचा मतदार अजून आला नसेल, तर दुपारून त्याला आठवण करायची.

या गटानं जाहीरनामा मात्र काढला नाही, आणि मला यात खरी गंमत वाटते. त्यांच्याकडे होती कसं वागायचं याची यादी. स्वतःच्या मताला इतकं चिकटायचं नाही की चर्चाच बंद पडावी. समोरच्याचं पटलं तर बदलायचं. ठराव हरला तर रुसायचं नाही. एकमेकांबद्दल बोलण्यापेक्षा एकमेकांशी बोलायचं. व्हिप नाही. एकाच गटाची माणसं सभेत एकमेकांविरुद्ध मत देऊ शकत. मॅकफॅडियन यांनी २०१४ मध्ये हा सगळा अनुभव ‘फ्लॅटपॅक डेमॉक्रसी’ या छोट्या पुस्तकात मांडला, आणि डेव्हनमधल्या बकफास्टलीसारख्या इतर गावांनी तो उचलला.

पण अधिकारच नाहीत तर सत्ता घेऊन करायचं काय? इथे दोन गोष्टी कामी आल्या. पहिली पैशाची. घरपट्टीसारखा जो कौन्सिल टॅक्स असतो, त्यात टाउन कौन्सिल आपला हिस्सा स्वतः ठरवतं. वरच्या संस्था तो गोळा करून त्याच्या हाती देतात. काउंटीनं कर ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवला तर तिला सार्वमत घ्यावं लागतं. टाउन कौन्सिलांना सरकारनं ही अट आजवर लावलेली नाही. दुसरी गोष्ट २०११ च्या लोकलिझम कायद्याची. त्याआधी पॅरिशला प्रत्येक खर्चासाठी कुठल्या कलमाखाली तो बसतो हे शोधावं लागे. या कायद्यानं एखादी व्यक्ती जे करू शकते ते कौन्सिललाही करू दिलं. अट अशी, की क्लार्क पात्रताधारक हवा आणि किमान दोन तृतीयांश सदस्य निवडणुकीतून आलेले हवेत. ‘तू ये ना’वाल्यांची संख्या फार झाली तर हा अधिकार मिळत नाही.

फ्रूमनं दोन्हींचा वापर केला. कर वाढवला, कर्ज काढलं, माणसं नेमली. ड्रिल, तंबू, शिलाई मशीन अशा वस्तू थोडक्या भाड्यानं देणारं दुकान २०१५ मध्ये उभं राहायला हातभार लावला. २०१६ मध्ये गावात एक सार्वजनिक फ्रीज आला. उरलेलं चांगलं अन्न कुणीही ठेवावं, कुणीही न्यावं. ब्रिटनमधला हा अशा प्रकारचा पहिलाच मानला जातो. यातलं काहीच जगावेगळं नाही, पण बाकडी मोजणाऱ्या कौन्सिलनं हे केलं हे विशेष.

मला एक शंका सतावते. सतराही जागा एका गटाकडे गेल्यावर सभेत विरोध कोण करणार? व्हिप नसला तरी एकमेकांची मैत्री असतेच. शिवाय संध्याकाळच्या बिनपगारी सभांना वेळ कोणाला मिळतो, हेही पाहावं. दोन पाळ्यांत काम करणारी बाई क्वचितच तिथं पोचते.

आणि सत्ता नसतानाही गाव काय करू शकतं, हे पाहायला शेजारच्या डेव्हनमधलं टोटनेस बरं. वस्ती आठ हजारांच्या आसपास. २०१२ मध्ये ‘कोस्टा’ या कॉफीसाखळीनं तिथं दुकान काढायचं ठरवलं. गावात स्वतंत्र कॉफीची ठिकाणं आधीच चाळीसच्या वर होती. साडेपाच हजारांहून जास्त सह्या विरोधात गोळा झाल्या. तरीही डिस्ट्रिक्टनं परवानगी दिली, आणि कायद्यानं तिला दुसरं फारसं काही करता येतही नव्हतं. नियोजन कायदा जागेचा वापर पाहतो, वापरणारा कोण आहे ते पाहत नाही. कॉफीचं दुकान चालेल, तर कुणाचंही चालेल. लढाई हरली असं वाटलं, तेव्हा ऑक्टोबरमध्ये कंपनीनं स्वतःच माघार घेतली. ज्या गावात गिऱ्हाईकच रुसलेलं आहे तिथं धंदा करून काय मिळणार, असा हिशेब त्यांनी केला असावा.

फ्रूमची गोष्ट मात्र पुढे वेगळ्या वळणावर गेली. एप्रिल २०२३ मध्ये सॉमरसेटमधली डिस्ट्रिक्टं आणि काउंटी मिळून एकच सॉमरसेट कौन्सिल झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यानं आर्थिक आणीबाणी जाहीर केली. म्हाताऱ्यांची आणि मुलांची देखभाल कायद्यानं बंधनकारक, त्यामुळे कात्री लागली ती बाकीच्यांना. सार्वजनिक शौचालयं, सीसीटीव्ही, बागा ही कामं टाउन कौन्सिलांनी घ्यावीत, नाहीतर बंद होतील, असं सांगण्यात आलं. ज्यांना कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं, त्यांच्या दारात आता बिलं येऊन पडली. कर वाढवण्यावर मर्यादा नसणं ही जी सोय होती, तिच्याकडे आता वरच्यांचंही लक्ष गेलं आहे. फ्रूमसारख्या तयार गावाला हे कदाचित झेपेल. शेजारच्या खेड्यात क्लार्क आठवड्यातून काही तास येतो आणि सदस्य ओळखीतून भरलेले, त्यांनी शौचालय घ्यायचं की कुलूप लावायचं?

पुढच्या आठवड्यात कॉर्नवॉलमधलं सेंट आइव्ह्ज. तिथं मे २०१६ च्या सार्वमतात ८३ टक्के मतदारांनी ठरवलं, की गावात बांधली जाणारी नवी घरं सुटीपुरतं येणाऱ्यांना मिळू नयेत. एका बांधकाम संस्थेनं त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. निकाल काय लागला आणि घरांच्या किमतींचं काय झालं, ते तेव्हा पाहू.