अपस्माराचे औषध आणि पेय

अपस्मार म्हणजे फिट येण्याचा आजार. योग्य औषधोपचाराने सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात. मात्र औषध घेणाऱ्याने आपण काय पितो याचेही भान ठेवावे लागते.

बंगळुरूजवळील देवनहळ्ळीचे पपनस भौगोलिक मानांकनप्राप्त आहे. पपनस व संत्रे यांच्या संकरातून ग्रेपफ्रूट हे फळ निर्माण झाले. ग्रेपफ्रूटमधील काही द्रव्ये आतड्यातील औषध विघटित करणाऱ्या विकराला निष्प्रभ करतात. परिणामी कार्बामाझेपीन या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते. चक्कर येते, एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, तोल जातो. तशीच द्रव्ये पपनसातही आढळतात. हा परिणाम एक दिवसाहूनही अधिक टिकत असल्याने रस व गोळी यांत काही तासांचे अंतर ठेवणे पुरेसे नसते. म्हणून पपनसाविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मद्य औषधाची गुंगी वाढवते आणि अतिसेवनानंतर नशा उतरताना झटका येऊ शकतो. फिल्टर कॉफी माफक प्रमाणात सहसा बाधत नाही. परंतु रात्री ती घेतल्यास झोप उडते व अपुरी झोप झटक्याला कारण ठरते.

गोळी पाण्याबरोबर, ठरलेल्या वेळी घ्यावी. पेय टाळता येते. औषध मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.