हेड-गॅस्केटचा बिघाड : लक्षण, अनुमान आणि दुरुस्ती

पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने १९६९ मध्ये ‘मॅटाडोर’ ही गाडी बाजारात आणली. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. मूळ गाडीचे उत्पादनही केव्हाच थांबले. तथापि अमरावती-अकोल्याकडे ते विशेषनाम सामान्यनाम होऊन राहिले आहे; लहान मालवाहू गाडीस पुष्कळदा ‘मॅटाडोर’च म्हटले जाते. अशी जुनी डिझेल गाडी वारंवार तापू लागली की चालक मिस्त्रीला सांगतो, ‘गाडी पानी पेऊन रायली.’ हे वाक्य निदानाचा प्रारंभ होय, निदान नव्हे. पाणी बाहेर गळणे आणि ते इंजिनाच्या आत शिरणे, हे दोन्ही अर्थ ‘पिणे’ या एकाच क्रियापदात सामावतात. म्हणून रबरी नळ्या, रेडिएटर व पाण्याचा पंप प्रथम तपासावा लागतो. बाहेर थेंबही न सांडता पाणी घटत असेल, तरच संशय हेड-गॅस्केटकडे वळतो.

गॅस्केट म्हणजे सिलिंडरांचा ब्लॉक आणि त्यावरील हेड यांच्यामध्ये दाबून बसविलेला पातळ थर. जळत्या वायूंचा दाब, थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे तेल यांना परस्परांपासून वेगळे ठेवणे हे त्याचे कार्य. जुन्या धर्तीच्या अनेक डिझेल इंजिनांत हवा मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, यावरून त्यावरील ताणाची कल्पना येईल. इंजिन अतिशय तापले की हेड किंचित वाकते, पकड सैल होते आणि गॅस्केट फुटते. वऱ्हाडात मे महिन्यातील पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्यातच पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे भूजल खारट आहे. ते रेडिएटरमध्ये भरल्यास क्षारांचे थर बसतात, गंज चढतो आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते.

न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान केले जाते. येथे धुराच्या रंगावरून पाण्याचे अनुमान करावयाचे असते. परंतु पांढरा धूर हा सव्यभिचार हेतू आहे. थंड इंजिनात न जळलेले डिझेलही पांढराच धूर देते. तेलाच्या झाकणाखालील दुधी साय केवळ बाष्प साचल्यानेही दिसू शकते. रेडिएटरमधील बुडबुडे नुकतेच पाणी भरताना अडकलेल्या हवेचेही असू शकतात. म्हणून एका लक्षणावर विसंबू नये. थंड इंजिन सुरू करताच वरची नळी टणक होणे, बुडबुडे न थांबणे आणि शेजारच्या दोन सिलिंडरांतील दाब एकदमच उणा भरणे, ही लक्षणे एकत्र आली की अनुमान बळावते. रेडिएटरमधील वायू निळ्या परीक्षक द्रवातून नेल्यावर त्याचा रंग हिरवट वा पिवळा झाला, तर ज्वलनवायू पाण्यात शिरल्याचे ठरते. मात्र हे हेडला गेलेल्या तड्यामुळेही घडते. त्याचा निवाडा हेड उतरविल्यावरच होतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उसळणारे पाणी गंभीर भाजते.

इंजिन पूर्ण निवल्यावर पाणी व तेल काढून बोल्ट कडेकडून मध्याकडे, टप्प्याटप्प्याने सैल करावेत. हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने वाक मोजावा. वाक उत्पादकाने दिलेल्या मर्यादेबाहेर असल्यास हेड यंत्रावर घासून सपाट करावे लागते. तड्यांची परीक्षाही तेव्हाच करावी. बोल्टांच्या छिद्रांत पाणी वा तेल राहू देऊ नये. त्यामुळे आवळण्याचे माप फसते, क्वचित ब्लॉकही तडकतो. जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, उत्पादकाने सांगितलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावेत.

एवढ्याने दुरुस्ती पुरी होत नाही. गॅस्केट फुटणे हे पुष्कळदा कारण नसून कार्य असते. रेडिएटर क्षारांनी बुजलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा पंख्याचा पट्टा सैल असेल, तर नवे गॅस्केटही फुटेल. रेडिएटर साफ करून त्यात शुद्ध पाणी व योग्य कूलंट घालणे, हा खर्च हेड पुन्हा उतरविण्यापेक्षा फारच अल्प आहे. ज्याची मिळकत एका गाडीवर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने तर ऐन हंगामात गाडी उभी राहणे हीच सर्वांत मोठी हानी होय.