मूर्तीच्या डोळ्यातलं रत्न

एक भलीमोठी दैत्यमूर्ती. तिच्या चेहऱ्यावर चढून दोन चोर डोळ्यातलं रत्न उचकटताहेत. खाली सरड्याच्या तोंडाची माणसं मरून पडली आहेत. एक जण तलवार पुसतोय, काही जण नकाशात डोकं घालून बसलेत. लढाई आधीच संपली आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी खेळाच्या ‘प्लेयर्स हँडबुक’चं हे १९७८चं मुखपृष्ठ. चित्रकार डेव्हिड ट्रॅम्पियर.

हा खेळ ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण भुयाराचं वर्णन करतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं बोलतात आणि अडलं की फासे टाकतात. सोंगट्या असल्या तर असल्या, नसल्या तरी चालतं. सगळं घडतं ते मनात. म्हणून पुस्तकातली चित्रं हेच त्या मंडळींचं सामाईक भांडवल. गेल्या पन्नास वर्षांत ती सफाईदार होत गेली, हे उघडच आहे. मला त्याहून मोठा वाटतो तो नजरेतला बदल. सुरुवातीची चित्रं आपण कुठे आलोय हे सांगत. आजची चित्रं आपण कोण आहोत हे सांगतात.

सुरुवात अगदी गरिबीतली. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून निघाला. तीन पातळ पुस्तिका, एक खोकं, पहिल्या छपाईच्या हजार प्रती. ग्रेग बेल या तरुण पोरानं त्यात चित्रं काढली, आणि मुखपृष्ठावरच्या घोडेस्वारासह त्यातली काही चक्क मार्व्हलच्या ‘स्ट्रेंज टेल्स’ या कॉमिकमधून गिरवलेली होती. राक्षसांचीही तीच तऱ्हा. हाँगकाँगमध्ये बनलेले प्लॅस्टिकचे स्वस्त प्राणी पाकिटातून विकायला येत. कुठल्याच जीवशास्त्रात न बसणारे ते प्राणी गायगॅक्सनी टेबलावर मांडले. त्यांतूनच लोखंड गंजवून खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ जन्मला. त्याच्या शेपटीच्या टोकाला पंख्याची पाती आहेत, कारण खेळण्याला ती होती. १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ती पाती तशीच उतरली.

त्या ग्रंथाचे दोन मोठे हात म्हणजे डेव्हिड सदरलँड आणि ट्रॅम्पियर. आतली पानं काळ्या शाईची. साध्या छपाईत पुसट छटा नीट उमटत नाहीत, म्हणून अंधार दाखवायचा तर रेघेवर रेघ ओढायची. या अडचणीतूनच त्या काळाची शैली घडली. सदरलँडचं ‘अ पॅलॅडिन इन हेल’ बघावं: कड्यावर एकटा योद्धा, चहूबाजूंनी सैतान. शरीररचनेच्या चुका काढणारे काढोत. तो माणूस तिथून परत येणार नाही, हे मात्र बघताक्षणी कळतं. १९८१च्या ‘बेसिक’ संचावर एरॉल ओटसनी जांभळ्या-हिरव्या रंगांत पाण्यातून वर येणारा ड्रॅगन रंगवला. तो तापात पडलेल्या स्वप्नासारखा आहे, आणि माझ्या मते त्या दशकातलं सर्वांत धीट मुखपृष्ठ तेच.

खेळ खपू लागला तसा पैसा आला, आणि पैशाबरोबर तैलरंग आले. लॅरी एल्मोर, जेफ ईझली, क्लाइड कॉल्डवेल, कीथ पार्किन्सन असे पगारी चित्रकार हा खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीत बसून कॅनव्हास रंगवू लागले. १९८३च्या लाल खोक्यावर एल्मोरचा लाल ड्रॅगन अंगावर येतो आणि त्याच्यासमोर एक योद्धा तलवार उगारून उभा आहे. चित्र देखणं आहे, यात वाद नाही. पण सोबती कुठे गेले? टोळीनं खेळायच्या खेळाच्या खोक्यावर एकटा वीर आला. मला वळण दिसतं ते इथे. याच काळात बायकांच्या अंगावरचं चिलखत आक्रसत गेलं, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

पुढच्या दशकात एकेका चित्रकारावर एकेक दुनिया सोपवण्याची सुंदर पद्धत आली. ‘डार्क सन’चं भाजलेलं वाळवंट ब्रॉम यांचं (१९९१), तर ‘प्लेनस्केप’ टोनी डिटरलिझी यांच्या बारीक रेघेचं (१९९४).

१९९७मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं टीएसआर विकत घेतली. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत टॉड लॉकवूड आणि सॅम वुड यांनी सगळं नव्यानं मांडलं. ड्रॅगनच्या पंखांना पेलणारे स्नायू आले. वीरांच्या अंगावर पट्टे, बकलं, पिशव्या आल्या. हा माणूस खरंच प्रवासाला निघालाय, असं वाटू लागलं. योद्धा, जादूगार अशा प्रत्येक वर्गाला नाव असलेलं, चेहरा असलेलं पात्र मिळालं. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत ‘माणूस’ या भागाच्या चित्रात एक कृष्णवर्णीय स्त्री उभी आहे. टेबलाभोवतीची माणसं बदलली होती, पुस्तकानं ते मान्य केलं. हे फार उशिरा झालं, पण ते व्हायलाच हवं होतं.

मात्र त्या गुळगुळीत रंगांत भुयार हरवलं, ही माझी तक्रार आहे. ती माझ्या एकट्याची नसावी. स्वीडनच्या ‘मर्क बोरी’ या खेळाची पुस्तकं भडक पिवळ्यावर काळ्या ओरखड्यांनी भरलेली आहेत, आणि जुन्या रेघेकडे परतणारे चित्रकार आज पुष्कळ आहेत.

२०२३ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या राक्षसांवरच्या एका अधिकृत ग्रंथातल्या काही चित्रांना संगणकी बुद्धीचा हात लागल्याचं वाचकांनीच पकडलं. गदारोळ झाला आणि कंपनीनं चित्रकारांना तशी मदत घ्यायला मनाई केली. वाचकांनी ते कसं ओळखलं? वर्षानुवर्षं एकेक रेघ न्याहाळणाऱ्यांना हात ओळखता येतो.

ट्रॅम्पियर यांची ‘वर्मी’ ही चित्रमालिका ‘ड्रॅगन’ मासिकात चालू असताना १९८८ साली मध्येच तुटली आणि ते दिसेनासे झाले. २००२मध्ये इलिनॉयमधल्या कार्बनडेल गावच्या विद्यार्थी-वृत्तपत्रात एका टॅक्सीचालकावर लेख आला, तेव्हा जगाला कळलं की ते टॅक्सी चालवताहेत. मार्च २०१४मध्ये ते गेले. ती जुनी पुस्तकं कधी हाती आली, तर आधी चित्राच्या कोपऱ्यात बघा. डी, ए, टी अशी तीन रोमन अक्षरं दिसली, तर ते चित्र त्यांचं आहे.