हिस्टोप्लाझ्मोसिस : नकाशा आजाराचा की तपासणीचा?



पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने गाईडना एक तक्ता दाखवला होता : भारतात हिस्टोप्लाझ्मोसिसचे राज्यवार किती रुग्ण प्रसिद्ध झालेत. पश्चिम बंगालपुढे भरपूर, बऱ्याच राज्यांपुढे एखाद-दुसरा. सरांनी एकच विचारलं, "यात छेद कुठे आहे?" त्या प्रश्नामागे लागून जे शिकले, ते आज सांगते.

आधी आजार समजून घेऊ. हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम ही बुरशी वटवाघळांची किंवा पक्ष्यांची विष्ठा मिसळलेल्या मातीत वाढते. माती उकरली की बीजाणू उडतात आणि श्वासावाटे फुफ्फुसात जातात. मातीत ही बुरशी धाग्यांच्या रूपात असते. शरीरात, ३७ अंशांना, ती यीस्ट बनते आणि मॅक्रोफेज पेशींच्या आत राहते. बहुतेकांना काही जाणवतही नाही. पण प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ एचआयव्हीमध्ये, तर ती यकृत, प्लीहा, अस्थिमज्जेपर्यंत पसरते. ताप, खोकला, वजन घटणं. टीबी आठवला ना? डॉक्टरांनाही तोच आठवतो. टीबीची औषधं बुरशीवर चालत नाहीत. यात महिने गेले तर रुग्ण दगावू शकतो.

हा घोळ जुनाच आहे. १९०५ च्या अखेरीस पनामात सॅम्युएल डार्लिंग यांनी शवविच्छेदन केलं. रोग टीबीसारखा दिसत होता, पण पेशींत वेगळेच जीव होते. त्यांना वाटलं, हा लीशमॅनियासारखा एकपेशीय परजीवी. ती बुरशी असल्याचं दा रोशा-लिमा यांनी १९१२ मध्ये सुचवलं आणि डीमॉनब्रून यांनी १९३४ मध्ये प्रयोगशाळेत वाढवून दाखवलं. तोवर हा आजार दुर्मीळ आणि जीवघेणाच समजला जायचा.

मग १९४५ मध्ये कॅरोल पामर यांचा अभ्यास आला. अमेरिकेत नर्सिंगच्या अनेक विद्यार्थिनींच्या एक्स-रेत फुफ्फुसात कॅल्शियमचे डाग होते, पण ट्यूबरक्युलिन चाचणी निगेटिव्ह. हिस्टोप्लाझ्मिनची त्वचाचाचणी केली तर त्यातल्या बहुतेकींची पॉझिटिव्ह! म्हणजे संसर्ग सर्रास होता, गंभीर आजार क्वचित. बुरशी तीच होती. बदललं ते मोजण्याचं साधन. इथे एक खूणगाठ बांधा : संसर्ग आणि आजार वेगवेगळे मोजायचे. त्वचाचाचणी कधीतरी झालेला संसर्ग दाखवते, आजचा आजार नाही.

मग आज निदान कसं करतात?

१. कल्चर : खात्रीचं, पण बुरशी वाढायला चार-सहा आठवडेही लागतात.
२. सूक्ष्मदर्शक : मॅक्रोफेजमध्ये २ ते ४ मायक्रॉनचे यीस्ट दिसतात. लीशमॅनियाशी गोंधळ अजूनही होतो. पण लीशमॅनियात कायनेटोप्लास्ट असतो, यात नसतो. आणि सिल्व्हर स्टेन बुरशीच्या भित्तिकेला लागतो, लीशमॅनियाला नाही.
३. लघवीतलं अँटिजेन : पसरलेल्या आजारात उपयोगी आणि जलद. मात्र ब्लास्टोमायसिससारख्या बुरशींतही पॉझिटिव्ह येऊ शकतं.
४. अँटिबॉडी : प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणजे जिथे गरज जास्त, तिथेच भरवसा कमी.

आता माझ्या तक्त्याकडे परत येऊ. भारतातला पहिला रुग्ण १९५४ मध्ये पांजा आणि सेन यांनी कोलकात्याहून नोंदवला. पुढेही गंगेच्या खोऱ्यातून बऱ्याच नोंदी आल्या. तिथे बुरशी जास्त आहे, की तिथले डॉक्टर तिला ओळखतात? नुसत्या केस रिपोर्ट्सवरून हे सांगता येत नाही. त्यात अंश असतो. किती जणांची तपासणी झाली, हा छेद नसतो. तपासणीच झाली नसेल तर रकान्यातल्या शून्याचा अर्थ 'आजार नाही' असा होत नाही, 'माहीत नाही' असा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या प्राधान्य-बुरशींच्या यादीत हिस्टोप्लाझ्माला 'उच्च' गटात ठेवलंय. या विषयात काम करायचं असेल तर कुठलाही पेपर वाचताना तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा : कोणाला तपासलं? कशाने तपासलं? आणि कोण तपासणीपर्यंत पोचलंच नाही?

माझ्या तक्त्यात आता एक जास्तीचा रकाना आहे : 'तपासलेले'. बराचसा रिकामा आहे. माझा संशोधनाचा प्रश्न मला तिथेच सापडला.