शेजाऱ्याचा तलाव निरोगी, तर आपला माल सलामत

नवी पद्धत शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या गळी उतरवणे सोपे नसते. फसली तर सल्ला देणाऱ्याचे काही जात नाही, भांडवल आपले बुडते. म्हणूनच आंध्र प्रदेशच्या कोलंबी-शेतीतले उदाहरण व्यापारी बंधूंनी समजून घ्यावे.

1994-95 मध्ये पूर्व किनाऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तलावच्या तलाव साफ झाले. हा रोग विषाणूचा. त्यावर औषध नाही. बहुतेक शेतकरी छोटे. सर्वांचे पाणी एकाच खाडीतून येते आणि तिथेच परत जाते. एकाने रोगट तलावाचे पाणी सोडले की शेजाऱ्याचीही मेहनत बुडाली!

सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाने (एमपीईडीए) एका आंतरराष्ट्रीय मत्स्यशेती संस्थेच्या मदतीने 2000 पासून यावर काम सुरू केले. 2002 मध्ये पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील मोगलतुरू गावी फक्त 5 शेतकऱ्यांच्या 10 तलावांत प्रयोग झाला. पुढल्या वर्षी तिथेच 58 शेतकरी 108 तलाव घेऊन सामील झाले. भाषणाने जे झाले नसते, ते शेजाऱ्याचे पीक पाहून झाले.

पद्धत साधी आहे. हंगामापूर्वी तलाव सुकवून तळाचा काळा गाळ काढायचा. पाणी जाळीतून गाळून घ्यायचे. बीज प्रयोगशाळेत पीसीआर तपासणी करूनच घ्यायचे आणि सर्वांनी एकाच सुमारास सोडायचे. खाद्य थाळीत ठेवून, किती खाल्ले ते पाहून पुढचे द्यायचे. रोग दिसला तर शेजाऱ्यांना त्वरित कळवायचे. पाणी खाडीत सोडायचे नाही.

यासाठी गावोगावी शेतकऱ्यांचे ‘अ‍ॅक्वा क्लब’ झाले. क्लबने एकत्र मागणी नोंदवली की हॅचरीवाला तपासलेले बीज द्यायला तयार होतो. एकट्यादुकट्याला तो विचारत नाही. सूत किंवा रंग एकगठ्ठा घेणाऱ्यांना हा हिशोब सांगायला नको. बंदी असलेली प्रतिजैविके वापरायची नाहीत, हाही क्लबचा नियम. मालात त्यांचा अंश सापडला तर परदेशातून सारी खेप परत येते.

2007 मध्ये एमपीईडीएने याच कामासाठी ‘नॅक्सा’ ही स्वतंत्र संस्था स्थापन केली.

कोकणातही खाडीकाठी कोलंबीचे तलाव आहेत. त्यात पैसा गुंतवणाऱ्याने आधी दोन गोष्टी विचाराव्यात: बीज तपासलेले आहे काय, आणि शेजारचे तलाववाले एका नियमाने चालतात काय? दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्याचा फायदा थोडाच.